कोलशेतचा इतिहास आणि अध्यक्षांची ग्वाही

ठाण्यात आजवर व्याख्यानं पुष्कळ झाली असतील. पण पायी, बैलगाडीतून आणि होडीतून मिळून पावणेदोनशे माणसं ऐकायला आली, हे भाग्य एकाच वक्त्याला लाभलं. तो वक्ता मी! गर्वानं सांगत नाही. म्हणजे सांगतोय गर्वानंच, पण तो गर्व या गोष्टीच्या शेवटापर्यंत टिकणार नाहीये, तेव्हा काय तो आत्ताच करून घेतो.

मी त्र्यंबक कारखानीस. शाळेत भूगोल शिकवतो आणि शाळा सुटली की 'ठाणे इतिहास जिज्ञासू मंडळा'चा चिटणीस असतो. ही पंचावन्न सालची हकिकत. मंडळाचे सभासद एकवीस, व्याख्यानाला येणारे नऊ, आणि त्या नवांतला एक म्हणजे शाळेचा शिपाई. त्याला व्याख्यान संपल्यावर दार लावायचं असायचं, म्हणून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बसायचा. इतका निष्ठावंत श्रोता मंडळाला दुसरा मिळाला नाही.

आमचे अध्यक्ष हरिहरराव प्रधान. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. पांढरी शुभ्र मिशी, कडक इस्त्रीचा कोट, आणि सभेत बसायची एक खास पद्धत. वक्त्यानं 'सज्जन हो' म्हटलं की हरिहरराव काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवायचे, हातांवर हनुवटी ठेवायचे, आणि डोळे मिटायचे. विचारात बुडालेत असंच कोणालाही वाटावं! शेवटी टाळ्या वाजल्या की डोळे उघडायचे, उभे राहायचे आणि समारोप करायचे. हा समारोप अकरा वर्षं तोच होता. आम्हा सगळ्यांना पाठ होता.

"आजच्या वक्त्यांनी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः त्याची ग्वाही देतो. हे सगळं मंडळाच्या दप्तरी नोंदलं जावं."

मग मी सोमवारी इतिवृत्त लिहायचं, त्यांच्या घरी न्यायचं, आणि त्यांनी न वाचता खाली झोकदार सही ठोकायची. ते झोपतात हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं. त्यांना ते बोलून दाखवायची छाती मात्र कोणाचीच नव्हती.

त्या जानेवारीत कार्यकारिणीची बैठक भरली.

"पुढल्या महिन्यात घोडबंदरच्या किल्ल्यावर घेऊ," हरिहरराव म्हणाले.

"किल्ला तीनदा झाला!" मी म्हणालो. "आता जरा खेडी घ्या. कोलशेत घ्या, बाळकुम घ्या."

"खेड्यात काय आहे?"

"इतिहास आहे!"

"कोणाचा?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. "हरिहरराव, मी स्वतः कोलशेतचा इतिहास उभा करतो. साधार! पुराव्यानिशी! आणि त्या व्याख्यानाला हा हॉल भरून दाखवतो, नाहीतर चिटणीसपद सोडतो!"

नऊ माणसांच्या मंडळाचं चिटणीसपद सोडण्यात त्याग तो काय, असं तुम्ही म्हणाल. पण बोलताना मला ते सिंहासनाच्या तोलाचं वाटलं.

झालं, लागलो तयारीला! साधार इतिहास म्हणजे काय? तर प्रत्येक म्हाताऱ्याची हकिकत जशीच्या तशी लिहून घ्यायची, त्याखाली त्याचा अंगठा घ्यायचा आणि मंडळाचा शिक्का मारायचा. शिक्का मी कल्याणहून मुद्दाम करवून आणलेला. वाटोळा, मध्ये किल्ला, भोवती मंडळाचं नाव, आणि जांभळी शाई. तो आल्यापासून आठ दिवस मी घरातल्या प्रत्येक कागदावर मारून पाहिला होता. शिवाय कार्बन पेपर घेतला. एक प्रत मंडळाला आणि दुसरी सांगणाऱ्याला, आठवण म्हणून. ऊन लागू नये म्हणून मामाची जुनी सोला हॅट घातली. मामा महसूल खात्यात होते.

सौ. प्रमोदिनी दारात उभी राहून बघत होती.

"अहो, हा अवतार करून खेड्यात निघालात?"

"का? काय झालं?"

"सगळीकडे कूळकायद्याच्या सुनावण्या चालल्यात. हॅट घालून, वही घेऊन, जमीन कोण कसतं म्हणून विचारायला माणूस आला की लोक त्याला कोण समजतील?"

"मी जमिनीचं कुठे विचारणार आहे? मी इतिहास विचारणार!"

"शेतकऱ्याला इतिहास विचाराल तर तो जमिनीचंच सांगेल," ती म्हणाली आणि आत गेली. बायकांना संशोधनातलं काही कळत नाही, असं मनात म्हणत मी सायकलवर टांग टाकली.

कोलशेतला पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. देवळाच्या पारावर काळुराम बसले होते. गावातले सगळ्यांत मोठे, सत्तरीच्या पुढचे, डोक्याला लाल रुमाल. हॅट बघताच ते उठून उभे राहिले.

"रामराम, साहेब. कंच्या कामाला आलाव?"

"बाबा, तुमच्या गावाचं सगळं लिहून घ्यायचंय. कोणाचं घराणं कधी आलं, कोणी कोणतं शेत केलं, बांध कोणी घातले."

काळुरामांचे डोळे मोठे झाले. "आनि कागदावर घालनार?"

"कागदावर तर घालणारच! अंगठा घेऊन, शिक्का मारून, वर प्रतसुद्धा देणार!"

"जरा बसा साहेब," एवढंच म्हणून म्हातारा या वयात जो पळाला, तो मी पाहतच राहिलो.

अर्ध्या तासात पारासमोर सगळं गाव! शेतं सोडून, मिठागरं सोडून, कोणी अर्धी दाढी करून आलेला. मला भरून आलं हो! इतिहासाची एवढी भूक! ठाण्यात नऊ माणसं गोळा करताना तोंडाला फेस येतो, आणि इथे बघा!

"पयलं आमचं लिवा," काळुराम म्हणाले. "आमचा आजा इथं पयला आला. तवा इथं निसती खाडी व्हती."

"तुज्या आज्याला होडीतनं आनला कोनी? माज्या पणज्यानं!" मागून एकजण ओरडला. "साहेब, आमचं वरती लिवा!"

"तुजा पणजा मासं धरीत व्हता, शेत कवा केलं त्यानं?"

"आमचं घरानं देवाच्याबी आदी हाय!" तिसरा म्हणाला.

"कोणत्या देवाच्या?"

"ह्याच की, ह्या देवळातल्या. देव मागनं बसवला. आमी व्हतोच."

मी लिहीत होतो, अंगठे घेत होतो, शिक्के मारीत होतो. दुपारी कोणीतरी भाकरी आणि सुकट आणून दिली, ती एका हातानं खात दुसऱ्या हातानं लिहिली. एक्केचाळीस हकिकती झाल्या! शाई संपत आली, बोटं जांभळी झाली, सोला हॅटवरसुद्धा एक अंगठा उठला. प्रत्येकजण आपली प्रत कपाळाला लावून नेत होता, आणि मी मनात म्हणत होतो, बघ त्र्यंबका, इतिहासाविषयी किती आदर!

उन्हं उतरली तसा निघालो. खाडीच्या बांधावरून सायकल हातात धरून चाललो होतो, तर मागून हाक आली.

"साहेब! मना लिवायचं ऱ्हायलं!"

पन्नाशीची बाई. काष्टा खोचलेला, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, धावून धाप लागलेली. म्हणाली, तुळसा गोविंदा भोईर. दिवसभर गर्दीत तिला कोणी पुढे येऊ दिलं नव्हतं.

खरं सांगतो, मला घरी जायचं होतं. एक्केचाळीस आजे आणि पणजे ऐकून माझं डोकं भणभणलेलं. पण ती बांधावर बसलीच, म्हणून मीही बसलो.

"ह्यो खार बघताव ना, ह्ये भाताचं शेत? ह्यो आमी केला. माजा सासरा, माजा घरवाला नि मी. लगीन होऊन आली तवा इथं वीतभर भात नव्हतं. खाजन व्हतं, भरतीच्या खाऱ्या पान्याची दलदल. तीन साल चिखल वाहून बांध घातला. मंग एका उधानाला बांध फुटला. घरवाला फुटल्या जागी आडवा झोपला, पानी थांबवायला. मी नि सासरा वरनं माती टाकीत ऱ्हायलो."

"मग?"

"बांध ऱ्हायला. त्यो ऱ्हायला नाय. थंडी भरली, चार दिसांत गेला."

मी लिहायचा थांबलो. तिचं चालूच होतं, अगदी साध्या आवाजात, बाजारात काय आणलं ते सांगावं तसं. सासराही गेला. तेव्हापासून ती एकटीच कसते आहे. सव्वीस वर्षं झाली. दरवर्षी मालकाचा माणूस येतो आणि खंडाचं भात घेऊन जातो.

"मालक कोण?"

"ठान्याचं. ह्याला शिरस्तेदाराचा खार बोलतात. म्या धन्याला कवा पाह्यला नाय."

म्हणजे आमच्या हरिहररावांचा! मला केवढा आनंद झाला, काय सांगू! व्याख्यानात अध्यक्षांच्याच शेताचा उल्लेख! खूश होतील! किल्ल्याचं खूळ डोक्यातून जाईल!

"फुडल्या बुधवारी मामलेदाराकडं सुनावनी हाय," तुळसा म्हणाली. "कागदावर 'खुद्द' लिवलंय. म्हंजे धनी सोता कसतो. धन्याचा पुतन्या बोलतो, ही निसती मजुरीन हाय, कूळ नाय. माजं नाव कुठंच नाय, साहेब. नाव नाय लागलं तर शेत जायील, खोपटंबी जायील. तुमी लिवलं, शिक्का मारला, की झालं ना?"

इथे, वाचकहो, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रमोदिनी बरोबर बोलली होती. हे सगळं गाव मला सरकारी माणूस समजत होतं!

"अहो बाई," मी म्हणालो, "मी मामलेदाराचा नव्हे. मी इतिहासाचा."

"ते म्हंजे मामलेदाराच्या वरचं हापिस?"

आता इथे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण दिवसभर 'साहेब, साहेब' ऐकून माझी मान जरा ताठलेली. मी म्हणालो, "एका अर्थी वरचंच."

तिनं अंगठा पुढे केला. मी शिक्का मारला. तो जांभळा वाटोळा किल्ला तिनं दोन्ही हातांत धरला, आणि मला पहिल्यांदाच त्या शिक्क्याची भीती वाटली. ती घालवायला मी आणखी एक शहाणपण केलं.

"रविवारी पाच वाजता ठाण्याला या. तुमचं नाव सगळ्यांसमोर वाचतो."

आणि रविवारी काय झालं? पावणेपाचला शाळेच्या रस्त्यावर धुळीचे लोट! बैलगाड्या, माणसं, धुतलेले रुमाल, ठेवणीतली लुगडी. खाडीतून दोन होड्या भरून आल्या त्या वेगळ्याच. शिपाई दारात उभा राहून थरथर कापत होता. अकरा वर्षांत त्यानं इतकी माणसं आत घेतली नव्हती. सगळी बाकं भरली, मग खिडक्या, मग व्हरांडा. हरिहरराव आले आणि दारातच थबकले.

"कारखानीस, ही सगळी आपल्या व्याख्यानाला?"

"हो!"

"शाब्बास! मानलं तुम्हाला!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातला तो परमोच्च क्षण होता. तिथेच ताप येऊन आडवा झालो असतो तर बरं झालं असतं.

प्रमोदिनी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती. तुळसा सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून उभी. मी 'सज्जन हो' म्हटलं. अध्यक्षांची हनुवटी काठीवर गेली.

पहिला पाऊण तास मी खाडीच्या भूगर्भरचनेवर बोललो. नंतर मिठाच्या जुन्या करांवर बोललो. गाव मुकाट्यानं ऐकत होतं, कारण ते नावांची वाट बघत होतं. शेवटी मी वही उघडली आणि पहिलं नाव वाचलं.

"काळुराम..."

"हजर!" काळुराम ताडकन उभे राहिले.

"हजर म्हणायची गरज नाही, बाबा."

"मंग नंतर बोलू नका, नव्हता म्हनून!"

त्यापुढे एकेक नाव वाचलं की एकेकजण उठून 'हजर' म्हणत होता. मध्येच भांडणं.

"माजा आजा आदी!"

"शिक्का बघ, शिक्का! माज्या कागदावर जास्ती जांभला हाय!"

आमचे आठ सभासद एकमेकांना बिलगून बसले होते. या सगळ्या गलक्यात अध्यक्षांची पापणीसुद्धा हलली नाही, एवढी त्यांची एकाग्रता.

बेचाळिसावं पान आलं. मी वाचलं, "तुळसा गोविंदा भोईर."

ती 'हजर' म्हणाली नाही. नुसती भिंतीपासून पुढे आली आणि उभी राहिली. का कोण जाणे, मला पुढचं वहीत बघून वाचवेना. तिच्याकडे बघतच सांगितलं. खाजण, तीन वर्षांचा चिखल, उधाण, फुटलेल्या बांधावर आडवा झालेला गोविंदा, आणि त्यानंतर एकटीनं कसलेली सव्वीस वर्षं. "हा खार आमच्या माननीय अध्यक्षांच्या मालकीचा आहे," मी म्हणालो, "पण तो खाडीतून वर काढला या बाईनं. खंड घालते तीही हीच बाई." आजे आणि पणजे विसरून सगळे तिच्याकडे बघत राहिले. हरिहररावांनी विचारलं होतं ना, इतिहास कोणाचा? तो समोर उभा होता, पायांत वहाणा नव्हत्या त्याच्या.

मी खाली बसलो. टाळ्यांनी कौलं हादरली. हरिहररावांनी डोळे उघडले, उठले, आणि पावणेदोनशे माणसांपुढे खणखणीत आवाजात म्हणाले, "आजच्या वक्त्यांनी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः त्याची ग्वाही देतो. हे सगळं मंडळाच्या दप्तरी नोंदलं जावं."

सोमवारी मी इतिवृत्त लिहिलं. त्यांनी चहा पितापिता सही केली. नेहमीसारखीच, न वाचता.

त्याच दिवशी बेचाळीस कोलशेतकर बेचाळीस जांभळे कागद घेऊन कचेरीत हजर झाले! मंगळवारी दुपारी माझ्या वर्गावर कचेरीचा शिपाई आला. मामलेदारांचा हुकूम होता. चिटणिसानं मंडळाच्या दप्तरासह बुधवारी अकरा वाजता हजर राहावं. मुलांना मी नकाशात तिबेट दाखवत होतो. त्या वेळी तिथे जाऊन राहावंसं वाटलं.

"मी सांगितलं होतं," प्रमोदिनी म्हणाली. तिला दुसरं काही बोलायची गरजही नव्हती.

बुधवारी कचेरी खचाखच भरलेली. एका बाजूला कोलशेत, दुसऱ्या बाजूला मंडळाचे आठ सभासद आणि शिपाई. पुढे हरिहरराव, त्यांचा पुतण्या प्रभाकर आणि पुतण्यानं दिलेला वकील. जमिनीचं सगळं प्रभाकरच बघायचा. हरिहरराव चाळीस वर्षांत त्या खारात एकदाही गेले नव्हते, हे मला नंतर कळलं. मामलेदार तरुण होते, त्यांच्या टेबलावर माझे कागद ढीगभर पडलेले.

"कारखानीस, हे मंडळ कुठल्या खात्याखाली येतं?"

"कुठल्याच नाही, साहेब. शाळेच्या हॉलात भरतं."

"मग हे अंगठे कोणाच्या अधिकारात घेतलेत?"

"इतिहासाच्या," मी म्हणालो. ते माझ्या तोंडून निघून गेलं! कचेरीत असा हशा पिकला की बाहेरचा अर्जनवीससुद्धा आत डोकावला.

मामलेदार हसले नाहीत. "कायद्याच्या दृष्टीनं हे सगळं रद्दी आहे," ते म्हणाले आणि त्यांनी ढीग बाजूला सारला. "बाई, तुमच्याकडे दुसरा काही पुरावा? पावती? साक्षीदार?"

पावती कसली? भात नेणारा माणूस कधी पावती देत होता? तुळसानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे हो, रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. "साहेब, तुमचं वरचं हापिस ना?" तिनं हळूच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पोकळ ऐटीपायी ती बाई दुसरा काही पुरावा शोधायचीसुद्धा थांबली होती.

"साहेब!" मी ओरडलोच. "दप्तर आणायला सांगितलंत ना? हे बघा तरी!" आणि इतिवृत्ताची वही टेबलावर ठेवली.

मामलेदारांनी पान उघडलं. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढल्या. त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'अध्यक्षांच्या मालकीचा खार सव्वीस वर्षे तुळसा गोविंदा भोईर ही कसत असून दरवर्षी खंड घालते. समारोपात अध्यक्षांनी सांगितले की, यातील शब्द न् शब्द खरा आहे व ते स्वतः त्याची ग्वाही देतात.' हरिहरराव, ही सही आपली?"

हरिहररावांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "माझी आहे."

वकील टुणकन उठला. "साहेब, हे त्यांचं नेहमीचं भाषण आहे! त्या वेळी त्यांचं लक्ष नव्हतं!"

"लक्ष नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे... जरा डोळा लागला होता."

अकरा वर्षं जे कोणी बोललं नव्हतं ते बोललं गेलं होतं! आम्ही आठही सभासद जमिनीकडे बघू लागलो.

"काका, सांगा ना साहेबांना!" प्रभाकर कुजबुजला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "त्यात लाजायचं काय? तुम्ही दर व्याख्यानाला झोपता हे सगळ्यांना माहीत आहे!"

"काय माहीत आहे सगळ्यांना?" हरिहरराव वळले.

"हरिहरराव," मामलेदार समजुतीनं म्हणाले, "आपण झोपला होतात असं म्हणालात, तर ही ग्वाही मी धरणार नाही. नीट विचार करून सांगा."

म्हणजे सौदा अगदी सरळ होता. 'झोपलो होतो' एवढं म्हणायचं, शेत राहील. हरिहररावांनी आमच्याकडे पाहिलं, मग पुतण्याकडे, मग तुळसाकडे. मग काठी टेकून ताठ उभे राहिले.

"मी एकतीस वर्षं न्यायालयात काढली," ते म्हणाले. "स्वतःची सही कधी नाकारली नाही. मी व्याख्यानात झोपत नाही. मी जागा होतो, शब्द न् शब्द ऐकला. आणि ती बाई माझं कूळ आहे, लिहा!"

प्रभाकर मटकन खाली बसला. मामलेदारांनी लिहिलं आणि सही केली. तुळसाला काही उमगेना. काळुरामांनी कानात सांगितलं तेव्हा ती पुढे झाली आणि कारकुनाला म्हणाली, "वाच."

कारकुनानं वाचलं, "तुळसा गोविंदा भोईर."

"अजून एकदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. मग तिनं पदरात तोंड घातलं आणि सव्वीस वर्षांचं काय ते तिथेच रडून घेतलं. आम्ही पुरुष लोक उगाच छताकडे बघत राहिलो. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, कशाला लपवू?

बाहेर आल्यावर गावानं मला उचलून घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! गाव हरिहररावांच्या भोवती. काळुराम त्यांना म्हणत होते, "साहेब, तुमचं भाषन झकास! ते पोस्टमनवानी वाचीत व्हते ते काय समजलं नाय, पन तुमी शेवटाला दोन शब्द बोललाव ना, वाहवा!" जत्रेला त्यांना अध्यक्ष म्हणून आमंत्रण मिळालं. मला कोणीतरी सायकल धरायला दिली.

संध्याकाळी मी आणि हरिहरराव तलावाच्या कट्ट्यावर बसलो होतो.

"शेत गेलं तुमचं," मी चाचरत म्हणालो. "माझ्यामुळे. मला माफ करा."

"माझं होतं कुठे? मी ते पाहिलंसुद्धा नव्हतं." त्यांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "कारखानीस, एक सांगतो, कोणाला बोलू नका. त्या बाईचं तुम्ही सांगत होतात तेव्हा मी खरंच जागा होतो."

मी चाटच पडलो. "मग ती ग्वाही..."

"जाणूनबुजून दिली. पुढे सुनावणी आहे हे ठाऊक होतं मला. उठताना वाटलं, आज निदान खरं ते बोलू. सोमवारी तुमच्या वहीवर न वाचता सही केली, तीही वाचायची गरजच नव्हती म्हणून." ते जरा हसले. "कचेरीत शब्द न् शब्द ऐकला म्हणालो, तेवढं मात्र खोटं. तुमचा आवाज एकदम बदलला, तुम्ही वाचायचे थांबलात, म्हणून मला जाग आली. त्याच्या आधीचा सव्वा तास मी गाढ झोपलो होतो हो!"

मी उठलो, त्यांना वाकून नमस्कार केला आणि घरी आलो. कोणाला बोलू नका म्हणाले होते, पण बायकोला सांगितल्याशिवाय राहवतंय कुठे? प्रमोदिनीला सगळं सांगितलं. तिनं हातातली भाजी तशीच ठेवली, डोळे पुसले, थोर माणूस हो, म्हणाली. मग मी जरा दबकत सव्वा तासाचंही सांगून टाकलं.

तिचा चेहरा एकदम उजळला.

"बाई गं!" ती म्हणाली. "म्हणजे मी एकटीच नव्हते तर!"